चार भावंडांचा क्वार्टेट आणि पाचवे वाद्य : शेन्त्यूरच्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणाचा प्रकरण अभ्यास

स्लोव्हेनियातील चार सख्ख्या भावंडांच्या क्वार्टेटने, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संचाने, आपल्या गावच्या संगीतकारांच्या रचनांची एक सीडी करायचे ठरवले. त्या वेळी जे घडले त्याची ही नोंद, चौघांशी आणि नंतर त्यांच्यात येऊन मिळालेल्या पाचव्या वादकाशी वेगवेगळे बोलून तयार केली आहे. वादक, ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारी मंडळी आणि चर्च यांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. दिवंगत संगीतकारांची नावे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण त्यांच्याशिवाय या प्रकरणाला अर्थ उरत नाही.

पार्श्वभूमी

शेन्त्यूर हे त्सेल्ये शहराच्या पूर्वेला वसलेले लहानसे गाव आहे. व्हिएन्नाहून त्रिएस्तला जाणारा जुना दक्षिणी लोहमार्ग इथून जातो. गावाची खरी ओळख मात्र इपावेत्स या घराण्यामुळे आहे. हे घराणे वैद्यांचे आणि संगीतकारांचे होते, म्हणजे रुग्ण तपासणारी माणसेच रात्री गाणी लिहीत असत. बेन्यामिन इपावेत्स (१८२९–१९०८) याने ऑस्ट्रियातील ग्राझ येथे डॉक्टर म्हणून आयुष्य घालवले आणि तिथेच राहून स्लोव्हेन भाषेतील एकल गीते, समूहगीते आणि ‘तेहार्स्की प्लेमिची’ हा १८९२ साली लुब्लियानात रंगमंचावर आलेला ऑपेरा लिहिला. त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव (१८३१–१९०८) गावातच वैद्यकी करीत राहिला, अनेक वर्षे गावाचा नगराध्यक्ष होता आणि ‘स्लोव्हेनेत्स सेम’, म्हणजे ‘मी स्लोव्हेन आहे’, या गीताची चाल त्याचीच. दोघे भाऊ एकाच वर्षी गेले. गुस्तावचा मुलगा योसिप (१८७३–१९२१) हाही डॉक्टर होता. पहिला स्लोव्हेन बॅले मानला जाणारा ‘मोझिचेक’ त्याने १९०० च्या सुमारास लिहिला. इपावेत्स घराण्याचे घर गावातील वरच्या चौकात आजही जपलेले आहे.

आपल्या प्रकरणातील चौघे याच परिसरात वाढले. थोरली बहीण पहिली व्हायोलिन वाजवते, तिच्या पाठची बहीण दुसरी व्हायोलिन, मधला भाऊ व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे व खालच्या सुराचे वाद्य, आणि शेंडेफळ असलेला भाऊ त्याहूनही खालच्या सुराचा चेलो. चौघांनी लहानपणी एकाच संगीतशाळेत धडे घेतले, पुढे वेगवेगळ्या शहरांत शिक्षण झाले, पण सुट्टीत घरी आले की स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती स्वरलिपी मांडून बसायची सवय सुटली नाही. वीस वर्षे एकत्र वाजवल्यामुळे त्यांचे सूर असे जुळले होते की, सूर जुळवण्यासाठी इतर क्वार्टेटना जो अर्धा तास लागतो तो यांना कधी लागलाच नाही. कोण कुठे थांबणार, कोण कुठे घाई करणार, हे एकमेकांच्या खांद्यांवरून कळत असे.

गावच्या संगीतकारांची सीडी ही कल्पना थोरल्या बहिणीची. नगरपालिकेकडे अर्ज गेला, काही रक्कम मंजूर झाली, उरलेली भावंडांनी स्वतःच्या मैफलींतून जमवायची असे ठरले. सीडीत दोन पिढ्यांतले तीन इपावेत्स असावेत, आणि शेवटी गावातच राहणाऱ्या एका हयात संगीतकाराने त्यांच्यासाठी लिहिलेला नवा क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांसाठीची रचना, असावा, असा आराखडा होता.

अडचण

पहिली अडचण साहित्याची. इपावेत्स मंडळींचा काळ हा स्लोव्हेन समूहगायनाच्या बहराचा काळ होता. ऑस्ट्रियाच्या राजवटीत जर्मन ही प्रतिष्ठेची भाषा असताना आपल्या भाषेत चारचौघांनी मिळून गाणे हेच एक सांस्कृतिक काम होते, आणि संगीतकार त्या कामासाठी लिहीत होते. साहजिकच त्यांच्या हातून गाणी, समूहगीते आणि रंगभूमीचे संगीत विपुल झाले. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो एवढ्यांनीच वाजवायची भरघोस सामग्री त्यात चौघांना सापडली नाही. बेन्यामिनची १८९८ सालची ‘सेरेनाद’ ही तंतुवाद्यांसाठीची मोठी रचना आहे, पण ती स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी, म्हणजे प्रत्येक भागाला अनेक वादक असलेल्या मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठी, लिहिलेली आहे. म्हणजे जी रचना सीडीचा कणा ठरणार होती, तीच क्वार्टेटची नव्हती.

दुसरी अडचण चौघांच्या आपसातली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. मैफलीत त्यांना एकमेकांशी बोलावे लागत नसे. ध्वनिमुद्रणात बोलावे लागते. एकच ओळ पाच वेळा वाजवली की पाचांपैकी कोणती ठेवायची हे कुणीतरी म्हणावे लागते, आणि ते म्हणताना सख्ख्या बहिणीचा दुसरा सूर किंचित खाली होता हेही उघड्यावर येते. चौघांत मतभेद झाला की तो बहुतेक वेळा दोघे विरुद्ध दोघे असा होई. थोरली आणि शेंडेफळ एका बाजूला, मधली दोघे दुसऱ्या बाजूला. ही विभागणी, व्हायोलावादकाच्या शब्दांत सांगायचे तर, लहानपणी खोल्या वाटून घेतल्या तेव्हापासूनची होती.

हे दोन्ही प्रश्न एका चाचणी ध्वनिमुद्रणाच्या संध्याकाळी एकत्र समोर आले. सरावाच्या खोलीत दोन मायक्रोफोन लावून त्यांनी ‘सेरेनाद’ चौघांतच वाजवून पाहिली आणि लगेच ऐकली. पहिला धक्का अनपेक्षित होता. प्रत्येक प्रवेशाआधी थोरल्या बहिणीचा नाकाने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येत होता, जणू कुणी दाराआड उभे राहून हुंगत आहे. वीस वर्षे तो श्वास बाकी तिघांसाठी खूण होता. त्यावरच ते सुरू होत. त्यामुळे तो आवाज म्हणून कुणाच्या कानावर कधी पडलाच नव्हता. दुसरी गोष्ट अशी की चेलो एकटा पडला होता. ऑर्केस्ट्रात डबल बास चेलोच्या खाली एक सप्तक राहून पाया भरतो. तो नसल्यावर चेलोला एकाच वेळी पाया आणि मधली वीण असे दोन्ही सांभाळावे लागते, आणि मोठ्या स्वरसमूहांत काही स्वर सोडावेच लागतात.

थोरली आणि चेलोवादक म्हणाले की हा क्वार्टेटचा स्वभावच आहे, विरळपणाला स्वतःचे सौंदर्य असते. दुसरी व्हायोलिन आणि व्हायोला म्हणाले की हे बेन्यामिनने लिहिलेले संगीत नव्हे, त्याची छाया आहे. त्यानंतर दहा दिवस सराव झाला नाही.

समोर असलेले पर्याय

‘सेरेनाद’साठी तीन वाटा होत्या. चौघांतच वाजवावी आणि पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहावे. ती वगळून तिच्या जागी गीतांची रूपांतरे वाढवावीत. किंवा बाहेरून एक डबल बास वादक बोलावून प्रत्येक भागाला एकच वाद्य या पद्धतीने ती पाच जणांनी वाजवावी. वगळण्याचा पर्याय कुणालाच रुचला नाही, कारण शेन्त्यूरच्या सीडीत ‘सेरेनाद’ नाही हे गावात कुणाला समजावून सांगणार, असा प्रश्न होता. पाचवा वादक घेण्याला थोरल्या बहिणीचा विरोध होता आणि तिचा मुद्दा वजनदार होता. नगरपालिकेकडे अर्ज ‘भावंडांचा क्वार्टेट’ म्हणून गेला होता. शिवाय ज्या गोष्टीमुळे त्यांचे वादन इतरांपेक्षा वेगळे वाटते, ती न बोलता जुळण्याची शक्ती, परका माणूस आला की ढळेल अशी तिला भीती होती. व्हायोलावादकाने साल्झबुर्गच्या हागेन क्वार्टेटचे उदाहरण दिले. १९८१ साली तो चार भावंडांनी सुरू केला, पुढे दुसऱ्या व्हायोलिनवर बाहेरचा वादक आला, आणि त्यानंतरही त्या क्वार्टेटचे नाव जगभर राहिले. थोरलीने यावर एवढेच म्हटले की त्यांनी माणूस बदलला, जोडला नाही.

गीतांबाबत दोन पर्याय होते. एखाद्या गायिकेला बोलावून क्वार्टेटच्या साथीवर गाऊन घ्यावे, किंवा गाण्याची ओळ एखाद्या वाद्याकडे द्यावी. गायिकेचा पर्याय खर्चामुळे फार लवकर बाजूला पडला. या निर्णयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

जागेसाठी शहरातील एक स्टुडिओ आणि टेकडीवरचे एक छोटे चर्च असे दोन पर्याय होते. स्टुडिओत शांतता मिळते, पण चार वाद्यांना लागणारी हवा मिळत नाही; मग गुंज कृत्रिमपणे घालावी लागते. चर्चमध्ये ती दगडी भिंतींतून आपोआप येते. चर्च निवडले गेले, आणि तिथे चौघांचे एकमत होते.

निर्णय आणि कार्यवाही

कोंडी फोडली ती दुसऱ्या व्हायोलिनच्या बहिणीने. तिने वाद संपवण्याऐवजी एक सराव ठरवला. ओळखीचा एक डबल बास वादक एका संध्याकाळपुरता आला, कोणतेही आश्वासन न देता, आणि पाच जणांनी ‘सेरेनाद’ एकदा आरंभापासून अखेरपर्यंत वाजवली. पाया भरल्याचे पहिल्याच पानात कळले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मधल्या विश्रांतीत घडली. बास वादकाने पेन्सिल हातात घेऊन थोरलीला विचारले, “इथे तुम्ही नेमक्या कधी सुरू होता? मला तुमचा श्वास ऐकू येतो, पण त्यानंतर किती थांबायचे ते कळत नाही.” हा प्रश्न वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरजच पडली नव्हती. उत्तर देताना थोरलीला प्रथमच शब्दांत सांगावे लागले की ती श्वासानंतर एक पूर्ण मात्रा थांबते. चेलोवादक तिथेच म्हणाला की तो अर्धीच मात्रा थांबत आला आहे.

या क्षणापासून बोलणे सुरू झाले, असे चौघेही सांगतात. परक्या माणसासाठी म्हणून जे समजावून सांगितले जात होते, ते खरे तर एकमेकांना सांगितले जात होते. बास वादकाला ‘सेरेनाद’साठी घेण्याचे ठरले, थोरलीने होकार दिला, मात्र उरलेली सीडी चौघांचीच राहील या अटीवर. त्याच बैठकीत दोन नियम लिहून काढले गेले. ज्याच्याकडे मुख्य ओळ आहे, तिच्या चालीबद्दल त्याचा शब्द शेवटचा. आणि कोणता टेक, म्हणजे एकाच ओळीच्या ध्वनिमुद्रणाची कोणती खेप, ठेवायचा हे भावंडांपैकी कुणीही ठरवणार नाही. ते काम बाहेरून आणलेली, स्वरलिपी समोर ठेवून ऐकणारी निर्माती करील. चौघांच्या सम संख्येतून निघणारी कोंडी अशी दोन्ही बाजूंनी सोडवली गेली.

हक्कांचे काम वरकरणी सोपे होते. युरोपीय संघात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी रचना मुक्त होते, त्यामुळे तिन्ही इपावेत्सांच्या रचना मोकळ्या होत्या. नव्या क्वार्टेटसाठी साझास या स्लोव्हेन संगीतकार-हक्क संस्थेकडून परवाना घेतला. घोटाळा झाला तो एका जुन्या रचनेच्या प्रतीत. वापरात असलेली प्रत ही जुन्या छापील पानांची नसून अलीकडची संपादित आवृत्ती होती, आणि मुक्त झालेल्या रचनेच्या चिकित्सक आवृत्तीलाही ३० वर्षांपर्यंत संरक्षण देण्याची मुभा युरोपीय कायदा सदस्य देशांना देतो. हे ध्यानात आले तेव्हा ध्वनिमुद्रणाची तारीख तोंडावर होती. प्रकाशकाने पत्राला होकारार्थी उत्तर दिले, पण तोवरचे तीन आठवडे कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चर्चमध्ये तीन दिवस मिळाले. उष्ण हवेचे पंखे आवाज करतात म्हणून बंद ठेवावे लागले, आणि थंडीत तारांचे सूर ढळत असल्याने दर वीस मिनिटांनी सूर पुन्हा लावावे लागले. घंटांची वेळ पुजाऱ्यांशी बोलून सांभाळली गेली. सांभाळता आला नाही तो लोहमार्ग. प्रवासी गाड्यांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले होते, पण मालगाड्या वेळापत्रकात नसतात. त्यांचा आवाज कानाला जवळपास ऐकूच येत नसे. तो टेकडीच्या खडकातून वर चढून मायक्रोफोनच्या दांड्यात शिरत असे, आणि हेडफोन लावला की दूरवर कुणी जड फर्निचर सरकवल्यासारखा घरघराट ऐकू येई.

इथे आधीच्या निर्णयाची किंमत कळली. क्वार्टेटमध्ये सर्वांत खालचा स्वर चेलोच्या जाड तारेचा, सुमारे ६५ हर्ट्झ. फक्त चौघे वाजवत असते तर त्याखालचे सारे गाळून टाकता आले असते आणि बरीचशी घरघर नाहीशी झाली असती. डबल बासची सर्वांत खालची तार मात्र सुमारे ४१ हर्ट्झवर असते. ज्या पायासाठी बास आणला, तोच पाया गाळणीत गेला असता. निर्मातीने गाळणीचा विचार सोडला आणि ‘सेरेनाद’ रात्री दहानंतर, मालगाडी गेल्याची खात्री करून, तुकड्यातुकड्यांत घेतली. व्हायोलावादकाच्या आठवणीत त्या रात्रीचे संगीत कमी आणि वाट पाहणे जास्त आहे. पाच जण गज हवेत धरून, न हलता, दूर गेलेली गाडी पूर्ण विरण्याची वाट पाहत उभे आहेत, हे दृश्य त्याने मला दोनदा सांगितले.

गीतांच्या रूपांतरात सगळ्यांत जास्त वेळ ‘माक झारी’ या बेन्यामिनच्या गीताला दिला गेला. शीर्षकाचा अर्थ पॉपीचे फूल तळपते आहे, असा. हा प्रकार आपल्या भावगीताच्या जवळचा आहे, शब्द आणि चाल एकमेकांना धरून चालतात. मुख्य ओळ व्हायोलाकडे दिली होती. मी त्याची स्वरलिपी पाहिली आहे. प्रत्येक स्वराखाली त्याने पेन्सिलने कवितेचे अक्षर लिहिले होते, आणि गायक जिथे श्वास घेईल तिथे उभी रेघ मारून गजाची दिशा बदलली होती. व्हायोलाला श्वासाची गरज नसते. तो न थांबता कितीही लांब ओळ ओढू शकतो, आणि म्हणूनच ती ओळ गाण्यासारखी वाटत नाही. थोरलीला लय काटेकोर हवी होती. नियमाप्रमाणे व्हायोलावादकाचा शब्द शेवटचा होता. तिने पहिल्या दोन टेकमध्ये त्याला पुढे ढकलले, तिसऱ्यात ती त्याच्या मागे राहिली, आणि निर्मातीने तिसरा ठेवला.

नव्या क्वार्टेटचे काम सर्वांत सुरळीत झाले. संगीतकार स्वतः बाकावर बसून होता आणि शंका आली की विचारता येत होते.

निष्पत्ती

सीडी ठरल्यापेक्षा उशिरा निघाली. गावातील मैफलीत ‘स्लोव्हेनेत्स सेम’चे रूपांतर सुरू होताच समूहगायनात आयुष्य घालवलेली वयस्कर मंडळी हलक्या आवाजात गुणगुणू लागली, आणि चौघांनी, आधी काही न ठरवता, आपला आवाज कमी करून त्यांना वाट दिली. बास वादक त्या मैफलीत होता, पण क्वार्टेटचा सदस्य तो झाला नाही, आणि तसे कुणाला हवेही नव्हते.

थोरली बहीण आजही मानते की ‘सेरेनाद’ चौघांत व्हायला हवी होती. तिचे मत बदलले नाही हे मला महत्त्वाचे वाटते, कारण निर्णय झाला तो मत बदलल्यामुळे नव्हे, निर्णय कुणी करायचा हे ठरल्यामुळे. तिचा श्वास निर्मातीने बहुतेक ठिकाणी पुसला. एका जागी, ‘सेरेनाद’च्या अगदी आरंभी, तो मुद्दाम ठेवला आहे, आणि ठेवावा असे सुचवणारा चेलोवादक होता.

वेगळे काय करता आले असते

वाद्यवृंदाचे स्वरूप ठरण्याआधी नगरपालिकेकडे अर्ज गेला, ही पहिली चूक. त्यामुळे बास वादकाचे मानधन मंजूर रकमेत बसले नाही आणि ते भावंडांना पदरचे द्यावे लागले. प्रत्येक रचनेची कोणती प्रत वापरायची आणि तिचा प्रकाशक कोण, ही यादीही अर्जाबरोबरच व्हायला हवी होती.

जागा पाहायला ते दुपारी गेले होते. ‘सेरेनाद’चे ध्वनिमुद्रण शेवटी रात्री करावे लागले; आधीच एक अख्खी रात्र मायक्रोफोन लावून रिकाम्या चर्चचे ध्वनिमुद्रण घेतले असते तर मालगाड्यांचा अंदाज आधीच आला असता, आणि कदाचित लोहमार्गापासून लांबचे दुसरे चर्च शोधता आले असते. निर्माती चाचणीच्या संध्याकाळीच असती तर ते दहा दिवसही वाया गेले नसते, असे मला वाटते; मात्र दुसऱ्या व्हायोलिनच्या बहिणीला ते पटत नाही. तिच्या मते त्या दहा दिवसांच्या अबोल्याशिवाय बास वादकाला बोलावण्याचे धाडस तिला झालेच नसते.

राहिला गायिकेचा प्रश्न. तो पर्याय खर्चाच्या एका वाक्यात निकाली निघाला, त्यावर खरी चर्चा झालीच नाही. गावातल्या श्रोत्यांना शब्द पाठ होते, त्यांना वाद्य ऐकताच गाणे आठवले. बाहेरच्या श्रोत्याला मात्र ‘माक झारी’ ही एक सुंदर, पण निनावी चाल म्हणून ऐकू येते. कुणी गात नाही म्हणून पुस्तिकेतही कविता छापली गेली नाही. निदान ती छापायला हवी होती, हे आता चौघांना मान्य आहे. ते शब्द सध्या एकाच जागी आहेत, व्हायोलाच्या स्वरलिपीत, पेन्सिलने लिहिलेले, आणि पाने उलटून उलटून पहिल्या ओळीतली अक्षरे पुसट होऊ लागली आहेत.